सेकंडहँड पीएस-टू स्लिम: घेण्याआधी काय तपासायचं आणि कोणते गेम जमवायचे

कमी पैशांत जुने व्हिडिओ गेम जमवायचे असतील तर आज आपल्याकडे सगळ्यात शहाणपणाची खरेदी म्हणजे प्लेस्टेशन टू (पीएस-टू), आणि त्यातही स्लिम, म्हणजे नंतर आलेलं पातळ मॉडेल. सोनीने हे मशीन ४ मार्च २००० ला जपानमध्ये आणलं आणि २०१३ च्या सुरुवातीला त्याचं उत्पादन थांबवलं. मधल्या काळात १५ कोटींहून जास्त मशीन खपली. भारतात ते अधिकृतपणे विकलं जात होतं, ओरिजनल डिस्क दुकानात छापील किमतीला मिळत होत्या. त्यामुळे आज माळ्यावर, भंगारात, मोबाइलच्या दुकानाच्या मागच्या फळीवर अजूनही बराच माल पडून आहे. जुन्या मालात भाव ठरतो तो पुरवठ्यावर, आणि इथे पुरवठा आहे.

बाकीचे पर्याय बघा. सेगा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात आला तेव्हा किंमत १८,००० रुपये होती. इतक्या किमतीत तो गेला किती घरांत असणार? आज एखादा सापडलाच तर विकणारा भाव सांगताना अजिबात लाजत नाही. नव्वदच्या दशकात बहुतेक घरांत टीव्हीला जोडलेला ‘व्हिडिओ गेम’ म्हणजे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी विकले जाणारे निन्टेन्डो फॅमिकॉमचे क्लोन. ते आजही स्वस्तात मिळतात, खेळायला मजा येते, पण त्यांच्या ६० पिनांच्या कॅसेट जवळपास सगळ्या पायरेटेड. ‘९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये तेच दहा-बारा गेम फिरून फिरून येतात. त्याला संग्रह म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. जपानहून खरी कॅसेट मागवायची तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी कॅसेटच्या किमतीला मागे टाकतात.

म्हणून पीएस-टू. फक्त सगळी पीएस-टू सारखी नसतात.

मशीन उलटं करून खालचा स्टिकर वाचा. ‘एससीपीएच’पुढे पाच आकडे असतात. पहिले आकडे मॉडेल सांगतात, शेवटचे दोन देश. ०० म्हणजे जपान, ०१ अमेरिका, ०३ ब्रिटन, ०४ युरोप, ०६ हाँगकाँग-सिंगापूर. भारतात अधिकृतपणे विकल्या गेलेल्या डिस्क पॅल या टीव्ही-सिग्नलच्या पद्धतीच्या, म्हणजे युरोपच्या गटातल्या. इथल्या डिस्क इथल्या मशीनवर चालवायच्या असतील तर मशीन पॅलच हवं. त्यातून आपल्याला क्रिकेट लागतं. ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट’चा २००५ चा आणि २००७ चा भाग, ईए कंपनीचे क्रिकेटचे गेम, हे सगळे पॅलमध्येच आले. अमेरिकेत क्रिकेटच्या डिस्क कोण घेणार होतं? म्हणून न्यूजर्सीच्या काकांनी जाताना सोडून दिलेलं ०१ चं मशीन फुकट मिळालं तरी त्यावर क्रिकेट चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते इथल्या २३० व्होल्टला लावण्याआधी अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. जपानी जाडं मॉडेल १०० व्होल्टचं असतं. ते थेट आपल्या प्लगमध्ये गेलं की एकदाच वास येतो, मग काहीच येत नाही.

पॅलची एक खोट सांगायला हवी. त्याचा वेग ५० हर्ट्झ. काही जुने गेम या वेगावर सुमारे १७ टक्के संथ चालतात आणि पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे येतात. नंतरच्या बऱ्याच गेममध्ये सुरुवातीलाच ५० की ६० असं विचारतात. विचारलं की ६० निवडा. आजचे जवळपास सगळे टीव्ही ६० घेतात.

आता मॉडेल. ३०००० ते ५०००० ही जाडी मशीन. मागच्या बाजूला हार्डडिस्कची जागा, आत पॉवर सप्लाय, वजनदार. ज्याला उघडून दुरुस्त करायचा नाद आहे त्याने ही घ्यावीत. ७०००० ही पहिली स्लिम, २००४ ची. दिसायला झकास, पण हिच्यात मोटर चालवणारी चिप बिघडून लेझरची कॉइल जळण्याची तक्रार जगभर झाली. नवी लेन्स टाकली तरी मूळ कारण बोर्डवरच राहतं, त्यामुळे तीही जळू शकते. दोन मशीन सारख्या भावात समोर असतील तर ७०००० बाजूला ठेवा. ७५००० पासून आतली एक मुख्य चिप बदलली. त्यामुळे प्लेस्टेशन वनचे आणि पीएस-टूचेही काही मोजके गेम नीट चालत नाहीत, पण ते इतके थोडे आहेत की त्यासाठी अडून बसू नका. ७७००० आणि ७९००० ही बजेटमधली उत्तम निवड. ७९००० हातात घेतलं की हलकं लागतं, साधारण ६०० ग्रॅम. ९०००० मध्ये पॉवर सप्लाय पुन्हा आत आला, बाहेरची विटेएवढी अ‍ॅडॉप्टर गेली, साधी दोन पिनांची केबल लागते.

हा शेवटचा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. आधीच्या स्लिमना ८.५ व्होल्टची अ‍ॅडॉप्टर लागते, आणि ती भरपूर करंट देणारी हवी. सेकंडहँड मालात मूळ अ‍ॅडॉप्टर हरवलेली असते आणि तिच्या जागी ‘चालते साहेब’ म्हणून सेट-टॉप बॉक्सची किंवा राउटरची ९ व्होल्टची टिकली दिलेली असते. मेनू दिसतो, दिवा हिरवा होतो. डिस्क टाकली, मोटर फिरायला लागली की करंटची मागणी वाढते, व्होल्टेज पडतं आणि मशीन बंद. मग दुकानदार म्हणतो लेन्स गेली, गिऱ्हाईक म्हणतं बोर्ड गेला. खरी चोर ती टिकली असते. मूळ अ‍ॅडॉप्टर नसेल तर भावातून तिची किंमत वजा करा.

दुकानात तपासणी करायला स्वतःच्या चार डिस्क घेऊन जा. दुकानदाराच्या डिस्कवर विसंबू नका, त्याच्याकडची एक डिस्क त्या मशीनवर हमखास चालते, म्हणूनच ती त्याच्याकडे असते. तुमच्याकडे असावी एक निळ्या बुडाची पीएस-टू डिस्क (सुरुवातीचे छोटे गेम सीडीवर यायचे, त्यांचं बूड निळं), एक साधी एकथरी डीव्हीडी, एक दुथरी डीव्हीडी आणि एक काळ्या बुडाची प्लेस्टेशन वनची. एकथरी म्हणून ‘जीटीए सॅन अँड्रियाज’ चांगली, दुथरी म्हणून ‘गॉड ऑफ वॉर टू’ किंवा ‘ग्रॅन तुरिस्मो फोर’. चार का, तर सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा. एकाच लेन्समागे दोन वेगळे डोळे आहेत. एक गेला तरी दुसरा धडधाकट राहतो. सीडी धडाधड वाचणारं मशीन डीव्हीडीवर ‘डिस्क रीड एरर’ देतं, आणि दुथरी डिस्कचा आतला थर तर थकलेल्या लेझरला सगळ्यात आधी दिसेनासा होतो.

आधी डिस्क न टाकता चालू करा. मेनूत त्रिकोण दाबला की मशीनच्या आतल्या आवृत्त्यांची यादी दिसते, ती पुढे कामाला येईल. मग दुथरी डिस्क. गेम सुरू झाला म्हणून खूश होऊ नका, सुरुवातीचं सगळं डिस्कच्या सोप्या भागात असू शकतं. त्यानंतर एकथरी सॅन अँड्रियाज टाकून गाडी घ्या आणि शहरातून सुसाट सरळ जा. हा गेम रस्ता, घरं, झाडं धावता धावता डिस्कवरून उचलत राहतो. लेन्स थकलेली असेल तर पुढचा रस्ताच येत नाही, गाडी राखाडी पोकळीवर धावते, इमारती अर्ध्या चिखलासारख्या दिसतात आणि मग एकदम समोर उगवतात. कान झाकणाजवळ न्या. चांगली लेन्स सरकताना बारीक सरसर करते. टक-टक-टक असा परत परत तोच आवाज आला तर ती जागा शोधते आहे आणि तिला सापडत नाहीये. वीस मिनिटं तरी चालू ठेवा. गरम झाल्यावर मरणारी मशीन पाच मिनिटांत ओळखू येत नाहीत.

विकणाऱ्यांची एक युक्ती माहीत असलेली बरी. लेन्सच्या युनिटवर दोन बारीक स्क्रू असतात, एक सीडीचा, एक डीव्हीडीचा. त्यांना बाजारात पॉट म्हणतात. ते फिरवले की लेझरला जास्त करंट मिळतो आणि मेलेली लेन्स पुन्हा वाचायला लागते. काही आठवडे, काही महिने. मग कायमची जाते. ‘लेन्स नवी टाकलीय’ असं ऐकलं की विचारा, कुठली टाकली? जाड्या मॉडेलला केएचएस-४००सी, स्लिमला पीव्हीआर-८०२डब्ल्यू किंवा टीडीपी-०८२डब्ल्यू अशी नावं युनिटवरच छापलेली असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या कारागिराला हे सांगता येतं. उत्तर न देणाऱ्याने बहुधा पॉट फिरवलाय. तुम्ही स्वतः लेन्स बदलणार असाल तर आधी मशीन उघडा, जुन्या युनिटवरचं नाव वाचा आणि तेच मागवा. नव्या युनिटवर पॉटजवळ सोल्डरच्या टाक्याचा एक ठिपका असतो, वाहतुकीत स्थिर विजेने लेझर जळू नये म्हणून. लेन्सची चपटी केबल जोडल्यावर तो ठिपका काढायचा राहिला तर नवी कोरी लेन्स काहीच वाचत नाही आणि तुम्ही बिचाऱ्या विक्रेत्याला शिव्या घालता.

सगळ्याच रीड एररला लेन्स बदलावी लागत नाही. निम्मी प्रकरणं धूळ आणि वाळलेलं ग्रीस यांची असतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन लेन्सवर अगदी हलक्या हाताने फिरवा, दाबू नका, खाली स्प्रिंगसारख्या तारांवर ती तरंगत असते. मग लेन्स ज्या दांड्यांवर सरकते त्यांवरचं जुनं काळं ग्रीस पुसून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस लावा. शिवणयंत्राचं तेल आणि खोबरेल तेल दोन्ही नकोत. पहिलं ओघळून लेन्सवर जातं आणि दुसरं थंडीत थिजतं.

स्लिमची एक वाईट खोड आहे आणि ती डिस्क जमवणाऱ्याच्या मुळावर येते. लेन्सला जोडणारी पांढरी चपटी पट्टी कधी कधी फुगून वर येते आणि फिरणाऱ्या डिस्कच्या बुडाला घासते. डिस्कवर मधल्या छिद्राभोवती एकसारखं गोल वर्तुळ कोरलं जातं. दुकानात एखादी टाकाऊ डिस्क दहा मिनिटं फिरवा, काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि नवं वर्तुळ उमटलंय का बघा. उमटलं असेल तर मशीन नाकारायचं कारण नाही, पट्टी खालच्या पत्र्याला दुहेरी चिकटपट्टीने बसवली की काम होतं, पण तोपर्यंत चांगली डिस्क तिच्यात टाकायची नाही. झाकण उघडल्यावर कडेला झाकण बंद झाल्याची खूण देणारी बारीक बटणं दिसतात. त्यांच्या खाचेत कापूस किंवा कागदाची घडी अडकवलेली असेल तर कुणीतरी झाकण उघडं ठेवून डिस्क बदलण्याची युक्ती करत होतं. त्याचा अर्थ लेन्सवर धूळ भरपूर बसलेली असणार.

चिप मारलेलं, म्हणजे पायरेटेड आणि परदेशी डिस्क चालाव्यात म्हणून आत जादा चिप बसवलेलं मशीन घ्यावं का? पायरेटेड डिस्कवर पोसलेलं मशीन म्हणजे लेझर जास्त दमलेला, कारण घरी लिहिलेली डिस्क छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परत फेकते. शिवाय चिपच्या वीसेक तारा कुणी कशा टाकल्यात यावर सगळं अवलंबून. ओळखायचं असेल तर दुसऱ्या देशाची ओरिजनल डिस्क टाका. साधं मशीन लाल पडदा दाखवून प्लेस्टेशनची डिस्क टाका म्हणतं, चिपवालं निमूट चालवतं. आमच्या मते चिपसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

आता डिस्क. संग्रह म्हणजे शेवटी ह्याच. ओरिजनल डीव्हीडीचं बूड चंदेरी असतं, पायरेटेडचं जांभळट किंवा गडद. डिस्कच्या मध्यभागी पारदर्शक भागाला लागून जो आरशासारखा गोल पट्टा असतो, तिथे ओरिजनलवर बारीक कोरलेला क्रमांक आणि आयएफपीआयचा संकेतांक असतो. नखाने जाणवत नाही, तिरक्या उजेडात वाचता येतो. डिस्कवर आणि पाकिटाच्या कण्यावर पॅल गेमचा क्रमांक एसएलईएस किंवा एससीईएसने सुरू होतो, अमेरिकन एसएलयूएस किंवा एससीयूएसने. दोन्ही क्रमांक जुळतात का बघा. कारण पेटी एका गेमची आणि आत डिस्क दुसऱ्या खेपेची, हा सेकंडहँडमधला नेहमीचा घोळ. कव्हर नव्याने छापलेलं असेल तर कागद पातळ असतो आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात.

चरे बघताना दिशा बघा. छिद्राकडून कडेकडे जाणारा चरा दिसायला भयंकर असला तरी बहुधा निरुपद्रवी. लेझर त्याला आडवा ओलांडतो, क्षणभर माहिती तुटते आणि डिस्कवरच्या दुरुस्तीच्या संकेतातून भरून निघते. गोल, वर्तुळाच्या दिशेने गेलेला बारीकसा चरा मात्र लेझरच्या वाटेवरूनच जातो आणि सलग मोठा तुकडा गिळतो. सीडी असेल तर तिला पालथी करून चित्राची बाजूही तपासा. सीडीत माहितीचा थर चित्राच्या लगेच खाली असतो, तिथे उजेडाकडे धरून टाचणीएवढं भोक दिसलं तर ती डिस्क गेली, कुठलंही पॉलिश तिला वाचवू शकत नाही. डीव्हीडीचा थर मात्र ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे चित्रावरचे ओरखडे तिला फारसे बाधत नाहीत.

धुवायची तर साध्या पाण्याने, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, मऊ कपडा, आणि पुसायचं छिद्राकडून कडेकडे. टूथपेस्टचा उपाय नको. तिच्यातली पूड खरखरीत असते, एका चऱ्याऐवजी शंभर देते. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर डिस्कवर पांढरट कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. ती पृष्ठभागावर असेल तर धुतल्यावर जाते, पण पेटीतल्या माहितीपत्रकात शिरली की शेजारच्या पेट्यांनाही लागते. नवी आणलेली पेटी आठवडाभर वेगळी ठेवा. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर महिन्याला बदला.

भावाचं म्हणाल तर चालू स्लिम, एक रिमोट (म्हणजे हातात धरून खेळायचा कंट्रोलर) आणि केबलसकट, साधारण तीन ते पाच हजारांत मिळतं. शहर आणि दुकानदाराचा मूड यावर हजार इकडे-तिकडे. ओरिजनल डिस्क दोनशेपासून. मोठी मागणी कुस्तीला आणि टेक्केनला. ‘हिअर कम्स द पेन’ची स्वच्छ पॅल डिस्क सहज मिळत नाही आणि मिळाली तर विकणाऱ्याला तिची किंमत माहीत असते. याउलट दर वर्षी नवे येणारे फुटबॉलचे गेम कवडीमोल. तिथून पेट्या उचला, तुटलेल्या पेटीच्या जागी लावायला कामाला येतात. चंदेरी पट्ट्याची ‘प्लॅटिनम’ आवृत्ती म्हणजे खूप खपलेल्या गेमची स्वस्तातली पुनर्छपाई. नाक मुरडणारे मुरडतात. खेळायला घेणाऱ्याने बिनदिक्कत घ्यावी.

पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारली तर मशीनपेक्षा सुट्या डिस्क, रिमोट आणि केबल जास्त हाती लागतात. मुंबईत चोरबाजार शुक्रवारी पहाटे. दोन्हीकडे मशीन चालवून बघायची सोय नसते, तेव्हा तिथे मशीनला पार्ट्सचाच भाव द्यायचा. लॅमिंग्टन रोडला टीव्ही लावून दाखवतात, त्याचे पैसे भावात असतात, आणि ते देण्यासारखे असतात.

रिमोट खरा ड्युअलशॉक टू आहे का, हे कळायला एक सोपी परीक्षा. खऱ्याची बटणं दाब ओळखतात. ‘ग्रॅन तुरिस्मो’त एक्स अर्धवट दाबला की गाडी अर्धाच अ‍ॅक्सिलरेटर घेते. नकली रिमोटमध्ये एकतर सुसाट नाहीतर बंद. खऱ्याचं नेहमीचं दुखणं म्हणजे एखादं बटण मेल्यासारखं वागणं. आत प्लास्टिकची चपटी फिल्म असते आणि तिला जागेवर दाबून धरणारा स्पंजचा तुकडा वर्षानुवर्षांनी चेपतो. रिमोट उघडून स्पंजखाली इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले की बटणं जिवंत होतात. खर्च दहा रुपये. मरून पडलेला ओरिजनल रिमोट शंभर-दीडशेला मिळत असेल तर नव्या नकलीपेक्षा तोच घ्या.

मेमरी कार्ड सोनीचं ८ एमबीचं घ्या. १२८ एमबीची चिनी कार्डं दिसायला फायद्याची, पण अर्ध्यावर आलेला ‘फायनल फँटसी’ एका सकाळी गायब करण्याची त्यांची ख्याती आहे. आणि प्लेस्टेशन वनचे गेम पीएस-टूच्या कार्डावर थेट सेव्ह होत नाहीत, त्यांना जुनं वेगळं कार्ड लागतं. दर वेळी मशीन तारीख विचारत असेल तर घाबरू नका. आतली सीआर २०३२ बटण बॅटरी संपलीय, घड्याळाच्या दुकानात मिळते. ती संपलेली असली की टीव्हीच्या जोडणीची सेटिंगसुद्धा विसरते, एवढंच लक्षात ठेवा.

टीव्हीचा घोळ बहुतेकांना ऐन वेळी कळतो. नव्या एलईडी टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी भोकं नसतात, हेडफोनसारखं एकच एव्ही भोक असतं. त्यात जाणाऱ्या पिनेवर चार कड्या असतात आणि प्रत्येक कंपनीने त्यांचा क्रम वेगळा ठेवलाय. चित्र नाही, नुसता घुंघुं आवाज येतोय, तर मशीनची पिवळी पिन लाल सॉकेटमध्ये घालून बघा, मग पांढऱ्यात. कुठेतरी चित्र येतं. चांगलं चित्र हवं तर कंपोनंट केबल, नाहीतर अंगठ्याएवढा पीएस-टू ते एचडीएमआय कन्व्हर्टर. तो लावण्याआधी मशीनच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर करा. ‘आरजीबी’वर राहिलं तर माणसं हिरवी दिसतात. टीव्हीला गेम मोड असेल तर तो लावा, नाहीतर बटण दाबल्यावर बॅट फिरायला उशीर होतो आणि क्रिकेटमध्ये पहिल्याच ओव्हरला तीन गडी जातात. जागा असेल तर जुना डबा टीव्ही या मशीनचा खरा जोडीदार. बंदुकीचे गेम, ‘टाइम क्रायसिस’सारखे, तर एलईडीवर चालतच नाहीत. मात्र त्या टीव्हीचं मागचं झाकण काढू नका, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा दाब साठलेला असतो.

डिस्क झिजू नयेत म्हणून त्यांची प्रत काढून मशीनवर चालवायचा एक मार्ग आहे. फ्री एमसी बूट हा प्रोग्राम टाकलेलं मेमरी कार्ड आणि प्रत चालवणारा ओपन पीएस-टू लोडर हा प्रोग्राम. फक्त मशीनचं यूएसबी १.१ चं, म्हणजे मंद, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून चालवलं की मधले चित्रपट अडखळतात. मेमरी कार्डाच्या खाचेत बसणारं एसडी कार्डचं अ‍ॅडॉप्टर किंवा नेटवर्क केबल बरी. ९०००० च्या शेवटच्या खेपेत, जिथे बायॉस (मशीनचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) २.३० आहे, फ्री एमसी बूटचं कार्ड चालत नाही. त्रिकोण दाबून बघितलेली ती यादी आणि स्टिकरवरचा डेट कोड इथे कामाला येतो, ८सी आणि त्यापुढचा असेल तर संशय घ्या. म्हणून फक्त डिस्क खेळणाऱ्याला ९०००० आणि हा उद्योग करणाऱ्याला ७७००० किंवा ७९०००, असा आमचा कौल.

आणि जमवायचं काय? जगभरचे लोक ज्यांच्या मागे आहेत ते महाग जपानी गेम इथे बसून स्वस्तात मिळणार नाहीत. पण एक कोपरा असा आहे जिथे आपण घरच्या मैदानावर आहोत. पीएस-टूच्या शेवटच्या वर्षांत भारतात बनलेले गेम. २००९ चा ‘हनुमान: बॉय वॉरियर’, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा. त्याच वर्षीचा ‘देसी अड्डा’, गेमशास्त्रचा, ज्यात कबड्डी, पतंग आणि गिल्ली-दांडा खेळता येतो. मुंबईच्या ट्राइनचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणि त्याचा दुसरा भाग. २०११ चा ‘रा.वन’ आणि २०१३ चा ‘डॉन टू’, म्हणजे सोनीने मशीन बनवणं थांबवल्यावर आलेला. गेम म्हणून ‘हनुमान’ कंटाळवाणा आहे, कॅमेरा डोकं उठवतो. ‘देसी अड्डा’तला पतंग मात्र खरंच गंमतीचा, दोघांत खेळला तर जास्तच. गल्ली क्रिकेट लहान मुलं तासन्‌तास खेळतात.

हे सगळे मिळून एका फळीवर मावतात. दुकानदारांना त्यांची किंमत वाटत नाही, फुटबॉलच्या ढिगाऱ्यातच पडलेले असतात. ‘सिंगस्टार बॉलिवूड’ घेताना मात्र सुटी डिस्क घेऊ नका, सोबतचे लाल-निळे यूएसबी माइक आणि त्यांची छोटी डबी असेल तरच घ्या. पेटीवर भारतीय रुपयांतली छापील किंमत असलेला स्टिकर असेल तर तो खरवडू नका. धुतलेली डिस्क आणि स्टिकरसकट पेटी मिळाली तर दुकानदार मागेल त्यात पन्नास रुपयांसाठी घासाघीस करत बसू नका, ‘डॉन टू’ची तर अजिबात नाही.